बोर्डाचा गठ्ठा आणि नववीचा निकाल : पहिल्यांदाच परीक्षक झाल्यावर

2025 च्या मार्चमध्ये मी पहिल्यांदा दहावी बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासल्या. त्याच वर्षी माझ्याकडे नववीचा वर्गही होता. त्यामुळे फेब्रुवारीपासून मेपर्यंत बोर्डाचा गठ्ठा, पर्यवेक्षणाच्या ड्यूट्या आणि स्वतःच्या वर्गाचा निकाल, सगळं एकात एक मिसळून गेलं. नेमणुकीचं पत्र हातात पडलं तेव्हा पुढे नेमकं काय काय असतं हे नीट सांगणारं काही मिळालं नाही. जे कळलं ते स्टाफरूममधल्या ज्येष्ठांकडून, चहाच्या वेळेला, तुकड्या-तुकड्यांनी. यंदा ज्यांची पहिली नेमणूक येईल त्यांना निदान अंदाज असावा म्हणून क्रमाने लिहून ठेवतेय.

आमचं हायस्कूल बीड जिल्ह्यात, पाटोद्याच्या बाजूला. मी आठवी ते दहावीला मराठी शिकवते. बालाघाटाच्या माथ्यावरचा हा भाग ऊसतोडीचा. दिवाळी झाली की गावं निम्मी रिकामी होतात आणि साखर कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे गाळप थांबलं, की माणसं परत येतात. हे आधीच सांगते, कारण आमच्याकडे वर्षअखेर म्हणजे नुसती परीक्षा नसते. गेलेली मुलं परत येण्याचाही तोच काळ असतो.

दहावीच्या तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा 3 ते 20 फेब्रुवारीत होत्या. मराठीला लेखी 80 आणि तोंडी-स्वाध्यायाचे 20. इथे नव्या शिक्षकांना एकच सांगेन : स्वाध्यायाच्या वह्या जानेवारीतच गोळा करून ठेवा. फेब्रुवारीत निरोप समारंभ, हॉल तिकिटांचं वाटप, बैठक व्यवस्था या धांदलीत एखादा मुलगा वही घरी विसरतो, मग तो दोन दिवस येतच नाही, आणि गुण तर मुदतीत बोर्डाकडे जायला हवेत.

21 फेब्रुवारीला पहिलाच पेपर प्रथम भाषेचा. ज्या विषयाचा पेपर त्या विषयाच्या शिक्षकाला त्या दिवशी पर्यवेक्षण देत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी मला वर्गावर जायचं नव्हतं. माझी दहावीची मुलं आत, आणि मी बाहेर. पूर्वी पेपर वाचायला सुरुवातीला दहा मिनिटं मिळायची. आता ती दहा मिनिटं शेवटी वाढवून देतात, म्हणून तीन तासांचा पेपर अकराला सुरू होऊन दोन वाजून दहा मिनिटांनी सुटतो. मुलं बाहेर आली तेव्हा मी कृतिपत्रिका, म्हणजे बोर्डाची प्रश्नपत्रिका, हातात घेऊन भाषाभ्यासाचा विभाग आधी पाहिला. सोळा गुणांचा तो विभाग आमच्या मुलांचा आधार. समास, वाक्प्रचार, शब्दसंपत्ती, लेखननियम : वर्षभर घोटून घेतलेलं असतं. मुलांचे चेहरे बरे होते. एकजण म्हणाला, "मॅडम, आत्मकथन पूर्ण झालं. पुरवणी घेतली." त्याने कधी दीड पानापेक्षा जास्त लिहिलेलं मला आठवत नाही. मला फार बरं वाटलं.

पुढचे पेपर मात्र पर्यवेक्षणात गेले. त्या वर्षी कॉपीमुक्त अभियान कडक होतं. मुलांना साडेदहाला केंद्रावर हजर राहायचं होतं. एका वर्गात पंचवीस मुलं. प्रश्नपत्रिकांचं पाकीट वर्गातच, मुलांसमोर उघडायचं. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर मुलं बैठक क्रमांक लिहितात, बारकोड चिकटवायचा, बैठक क्रमांक पडताळून सही करायची. पहिल्या दिवशी घाबरलेल्या मुलाच्या हातून बारकोड वाकडा लागतो. आधी क्रमांक वाचायचा, मग बारकोडावरचा क्रमांक वाचायचा, मगच चिकटवायचा. एवढं ठरवून घेतलं की गडबड होत नाही.

परीक्षकाची नेमणूक फेब्रुवारीच्या शेवटी आली. शाळेने आधीच शिक्षकांची माहिती बोर्डाकडे पाठवलेली असते : शिक्षण, विषय, दहावीला शिकवण्याचा अनुभव. त्यावरून ही नावं निघतात. पत्र आलं की ते नाकारता येत नाही, आणि खरं कारण असेल तर ते कागदपत्रांसह मुख्याध्यापकांमार्फतच कळवावं लागतं. मला नाकारायचं नव्हतंच. नऊ वर्षं मुलांना "परीक्षकाला हे हवं असतं" असं सांगत आले होते. आता ते स्वतः पाहायला मिळणार होतं. भीती होती ती वेगळीच. अनोळखी लेकरांचं वर्ष माझ्या पेनाखाली येणार होतं.

यातली उतरंड समजून घेतली की निम्मी धास्ती जाते. सगळ्यात वर मुख्य नियामक, त्यांच्याखाली आपण तपासलेलं पुन्हा पाहणारे नियामक, आणि प्रत्येक नियामकाच्या हाताखाली काही परीक्षक. पेपर झाल्यावर विभागीय मंडळात नियामकांची सभा होते. कृतिपत्रिकेतल्या प्रत्येक कृतीचं अपेक्षित उत्तर, पर्यायी उत्तरं, कशाला किती गुण, हे तिथे ठरतं. आमचं मंडळ छत्रपती संभाजीनगरचं. मग नियामक आपापल्या परीक्षकांना बोलावतात आणि तिथे ठरलेलं समजावून सांगतात. आमची सभा मार्चच्या पहिल्या आठवड्यात बीडला झाली. एसटीत महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे जाण्यायेण्याचा फार भार पडला नाही. बसस्थानकापासून रिक्षाचे पन्नास रुपये तेवढे वेगळे. सकाळी साडेसातच्या गाडीने निघाले ते संध्याकाळी परत. डबा सोबत न्या. सभा लांबते.

आमचे नियामक सर निवृत्तीला आलेले, शांत स्वभावाचे. त्यांनी आधी आम्हा सगळ्यांना एकाच उत्तरपत्रिकेची झेरॉक्स तपासायला दिली. कुणी कुणाशी बोलायचं नाही. मग प्रत्येकाचे गुण फळ्यावर मांडले. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांत तब्बल अकरा गुणांचा फरक! भाषाभ्यासात सगळे जवळपास सारखे; फरक पडला तो स्वमत, रसग्रहण आणि उपयोजित लेखनात. पुढचे दोन तास आम्ही त्या फरकावरच बोललो. रसग्रहणात कवितेचा आशय आला, काव्यसौंदर्य आलं, पण मुलाने आपल्या बोलीत लिहिलंय, किती द्यायचे? पत्राचा मायना बरोबर आहे, मजकूर दोनच ओळींचा; किती? एका मॅडमनी विचारलं, "सर, शुद्धलेखनाचं काय?" सर म्हणाले, "लेखननियमांची वेगळी कृती आहे, तिथे कापा. बाकी ठिकाणी लेकराला काय म्हणायचंय ते बघा. त्याला काय येतंय ते शोधायला बसलोय आपण."

माझ्या पदरात अडीचशेच्या आसपास उत्तरपत्रिका आल्या. विद्यार्थ्याचा क्रमांक होलोक्राफ्ट स्टिकरखाली झाकलेला असतो, त्यामुळे कुणाचा पेपर, कुठल्या गावचा, काहीच कळत नाही. गठ्ठा ताब्यात घेताना संख्या तिथेच मोजा, पुरवण्या बांधलेल्या आहेत का पाहा, आणि मगच सही करा. तपासणी शाळेतच करायची असते. मुख्याध्यापकांनी मला कार्यालयाशेजारची खोली आणि कुलपाचं कपाट दिलं. किल्ली माझ्याच पर्समध्ये.

खरं काम इथून पुढे. पहिल्या काही उत्तरपत्रिकांना अर्धा-अर्धा तास लागला. प्रत्येक गुण देताना आदर्श उत्तर उघडायचे, परत मागे जायचे, शंका यायची. एका दिवसात इतके कमी पेपर झाले की रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या सरांनी सांगितलेली पद्धत धरली : पाच-सहा उत्तरपत्रिका समोर घ्यायच्या आणि सगळ्यांचा एकच विभाग सलग तपासायचा. आधी सगळ्यांचा गद्य विभाग, मग पद्य, मग स्थूलवाचन. त्याने दोन गोष्टी होतात. आदर्श उत्तर डोक्यात ताजं राहतं, आणि पहिल्या मुलाला ज्या उत्तराला दोन दिले त्याच उत्तराला सहाव्या मुलालाही दोनच जातात. उपयोजित लेखनाचे चोवीस गुण मात्र मी सकाळी, डोकं ताजं असताना तपासायचे. पत्राचे सहा, जाहिरात-बातमी-कथा यांतल्या दोन कृतींचे दहा, आणि निबंधाचे आठ. दुपारी दोननंतर, छताचे पत्रे तापल्यावर, आठ गुणांचा निबंध न्याय देऊन वाचणं माझ्याच्याने होत नव्हतं. म्हणून दुपारी भाषाभ्यास, बेरजा आणि पानं तपासणं.

पंखा बंद ठेवावा लागायचा, नाहीतर पुरवण्या फडफडतात. चालू ठेवला तर प्रत्येक गठ्ठ्यावर वजन. मी प्रयोगशाळेतून दोन पितळी वजनं मागून आणली होती. लाल पेनं एकदम डबाभर घेतली, दीडशे रुपयांची. शाई एकसारखी राहते आणि मधेच पेन बंद पडून पानावर ओरखडे उठत नाहीत. नियामक हिरव्या शाईने तपासतात, त्यामुळे आपल्याकडे हिरवं पेन चुकूनही नको.

उत्तरपत्रिकांमधला मजकूर इथे लिहिणं योग्य नाही, लिहिणारही नाही. पण वाचताना काय होतं ते सांगायला हरकत नाही. काही पेपर असे येतात की पहिली बारा-चौदा पानं जवळजवळ कोरी. आकृतिबंधात एखादा शब्द, बाकी रेघा. अशा पेपरात शेवटचं पान उलटेपर्यंत निर्णय करू नका. एका उत्तरपत्रिकेत गद्य-पद्य काहीच नव्हतं, आणि पत्र पूर्ण होतं. मायना, विषय, तारीख, खाली नव्या आराखड्याप्रमाणे ई-मेलचा पत्तासुद्धा. कुणीतरी, कुठल्यातरी शाळेत, या मुलाला बाकी काही जमत नाही हे ओळखून निदान पत्र पक्कं करून घेतलं होतं. त्या अनोळखी शिक्षकाबद्दल मला फार आदर वाटला. त्या पत्राला जे पूर्ण गुण बसत होते ते पूर्ण दिले.

तपासताना पाळायच्या गोष्टी बऱ्याच आहेत, पण या विसरू नका. प्रत्येक कृतीला गुण द्या, शून्य असलं तरी शून्य लिहा; जागा मोकळी सोडली की ते तपासलंच नाही असा अर्थ निघतो. कोऱ्या पानावर लाल तिरकी रेघ. आतले गुण पहिल्या पानावरच्या तक्त्यात उतरवताना मोठ्याने वाचा. बेरीज एकदा वरून खाली, एकदा खालून वर. आणि दिवसभरात तपासलेल्या उत्तरपत्रिकांच्या बेरजा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहा. निकालानंतर विद्यार्थी गुणपडताळणीसाठी आणि उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज करू शकतो. तेव्हा आपली प्रत्येक खूण त्याच्या आईवडिलांच्या डोळ्यांसमोर येणार असते.

तपासलेल्या उत्तरपत्रिका नियामकांकडे एकदम नाही, लॉटने, म्हणजे टप्प्याटप्प्याने, द्यायच्या असतात. पहिला लॉट घेऊन बीडला गेले तेव्हा पोटात गोळा होता. सरांनी जास्त गुणांच्या, कमी गुणांच्या आणि काठावरच्या उत्तरपत्रिका बाजूला काढल्या. काठावरच्या सगळ्याच. एकेक पान वाचत होते आणि मी समोर बसून खिडकीबाहेर बघत होते. दोन ठिकाणी रसग्रहणाला त्यांनी अर्धा-अर्धा गुण वाढवला, एका कथेला एक कमी केला, आणि का ते सांगितलं : मुद्दे दिलेले होते, मुलाने मुद्देच पुन्हा उतरवून काढले होते, कथा पुढे सरकली नव्हती. दुसऱ्या लॉटला हिरव्या खुणा फारच थोड्या होत्या.

सगळ्यात जपून करायचं काम शेवटचं. गुण ओएमआर पत्रकात भरणं. बारकोड पाहून, आकड्यात, अक्षरात, गोळे काळे करून. हे काम एकट्याने करू नका. शाळेतल्या विश्वासू सहकाऱ्याला समोर बसवा. त्यांनी वाचायचं, तुम्ही भरायचं, मग उलट. आमच्या चित्रकलेच्या सरांनी माझ्यासाठी धुळवडीनंतरची अख्खी दुपार दिली. होळी 13 मार्चला होती, घरी पुरणपोळी सासूबाईंनी एकटीनेच केली, आणि वर मला म्हणाल्या, "तू आपली पोरांचे आकडे नीट बघ."

मानधनाबद्दल नवे लोक विचारतात. दर उत्तरपत्रिकेमागे मोजके रुपये मिळतात आणि ते काही महिन्यांनी खात्यावर येतात. बिलाच्या फॉर्मवर खाते क्रमांक नि आयएफएससी कोड पासबुक समोर ठेवून लिहा, प्रवासाची तिकिटं जपून ठेवा.

17 मार्चला भूगोलाच्या पेपरने बोर्ड संपलं, आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे टेम्पो यायला लागले. राज्यात त्या वेळचा गाळप हंगाम 15 नोव्हेंबर 2024 ला सुरू झाला होता आणि बरेच कारखाने मार्चमध्येच थांबले. टेम्पोत भांडीकुंडी, कोपीच्या (ऊसतोड कामगारांच्या झोपडीच्या) चटया, शेळ्या, आणि वर बसलेली आमची मुलं. नववीच्या माझ्या वर्गातली चार मुलं अशी परत आली. त्यांतली एक मुलगी दुसऱ्याच दिवशी शाळेत हजर. हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे, दप्तरात मराठीचं आणि हिंदीचं पुस्तक. बाकीची पुस्तकं गावात कुलूपबंद घरातच होती.

आईबाप ऊसतोडीला गेले की मुलांना मागे ठेवता यावं म्हणून हंगामी वसतिगृह असतं, पण ती सोय आठवीपर्यंतच्या मुलांसाठी असते. नववीत गेलेलं मूल त्यातून बाहेर पडतं, आणि नेमकी त्याच वयाची मुलगी आईबापाला उसाच्या फडात हाताशी हवी असते, मागे एकटी ठेवायची धास्तीही असते. ही मुलगी सहामाही देऊन गेली होती, चांगल्या गुणांनी. मधले चार महिने सातारा जिल्ह्यातल्या कोपीवर लहान भावाला सांभाळत आणि मोळ्या बांधत गेले. मी विचारलं, "पुस्तक उघडलं का गं?" तर म्हणाली, "मराठीचे सगळे धडे वाचले मॅडम. गणित एकटीला येत न्हाई."

वार्षिक परीक्षा 8 ते 25 एप्रिल, राज्यभर एकाच वेळापत्रकाने. एरवी आमची परीक्षा एप्रिलच्या मध्यापर्यंत आटोपते. परीक्षा लांबल्यावर उन्हात मुलं येतील का, निकाल 1 मेपर्यंत कसा लागेल, अशी काळजी सगळ्याच शाळांत होती. मलाही होती. पण या चार मुलांसाठी ते दिवस कामाला आले. सकाळची शाळा सुरू झाली होती; गणिताच्या मॅडमनी शाळा भरायच्या आधी पाऊण तास त्यांना घेतलं. मी भाषा आणि इतिहासाचं बघितलं. सगळा अभ्यासक्रम धरायचाच नाही असं आम्ही ठरवलं. गणिताची तीनच प्रकरणं, पण पूर्ण. दहावीत जी लागणार तीच.

हजेरीचा प्रश्न होताच. तुमच्या वर्गात अशी मुलं असतील तर परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत थांबू नका. पालकांकडून स्थलांतराचं लेखी कारण घ्या, कुठे गेले होते, कधीपासून कधीपर्यंत, आणि अर्ज मुख्याध्यापकांपुढे ठेवून आवक क्रमांक टाकून घ्या. आमच्या मुख्याध्यापकांनी चौघांनाही परीक्षेला बसवलं.

25 एप्रिलला शेवटचा पेपर झाला आणि हातात उरले पाच दिवस. पेपर तपासणं, विषयशिक्षकांकडून गुण गोळा करणं, दोन्ही सत्रांची सरासरी, संकलित निकालपत्रक, प्रगतिपुस्तकं, वर पोर्टलवर माहिती भरणं आणि ज्यांचे अपार आयडी (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) राहिले त्यांचा पाठपुरावा. बोर्डाच्या तपासणीने एक फायदा केला : माझा हात बसला होता. नववीचे पेपर मी त्याच पद्धतीने, विभागवार तपासले. प्रगतिपुस्तकातली नावं, जन्मतारखा, हजेरीचे दिवस हा सगळा भाग मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच भरून ठेवला होता. तुम्हीही ठेवा. शेवटच्या पाच दिवसांत फक्त गुण उतरवायचे राहिले पाहिजेत. 30 तारखेला रात्री नऊला मुख्याध्यापकांच्या सह्या पूर्ण झाल्या. शिपाई मामा तोपर्यंत थांबले होते, त्यांना घरी सोडूनच आम्ही निघालो.

1 मेला सकाळी ध्वजारोहण झालं आणि निकाल वाटला. चार मुलांपैकी तिघं पास. ही मुलगी मराठीत वर्गात पाचवी, आणि गणितात सवलतीच्या गुणांनी पुढे सरकली. चौथ्या मुलाला दोन विषयांत पुनर्परीक्षा होती. त्याच्या वडिलांना मी तारीख कागदावर लिहून दिली आणि त्यांच्या मोबाइलवर मेसेजही केला, कारण कागद हरवतो.

13 मेला दुपारी एकला दहावीचा निकाल लागला. राज्याचा 94.10 टक्के. आमच्या शाळेची मुलं एकेक करून फोन करत होती. पुरवणी घेतलेल्या त्या मुलाला मराठीत 71. मी त्याला पेढे आणू नको म्हटलं, तरी घेऊन आला. त्या दिवशी मला त्या अडीचशे मुलांचीही आठवण होत होती. त्यांचेही फोन कुठल्यातरी शिक्षकांना चालले असतील.

नववीतली ती मुलगी दहावीत गेली. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी मी तिच्या घरी गेले. वडिलांनी ऊसतोडीच्या मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली होती, म्हणजे नोव्हेंबरात जाणं ठरलेलं. दहावीचा फॉर्म, तोंडी परीक्षा, सराव परीक्षा हे सगळं नेमकं नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच येतं, हे मी त्यांना महिन्यांच्या नावांसह सांगितलं. आई आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझी बहीण पाटोद्याला हाय. तिच्याकडं ठेवली तर?" मी लगेच होय म्हटलं. पाटोद्याहून शाळेपर्यंत सकाळी एसटी आहे आणि अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलींना पास मोफत मिळतो. त्यासाठी शाळेचा दाखला लागतो, तो मी त्याच आठवड्यात काढून दिला. मावशीचा फोन नंबर माझ्याकडे आहे, आणि गणिताच्या मॅडमकडेही.